रविवारचं गोडाऊन

बसा, बसा. मागं उभी असलेली मंडळी पुढं या की. सतरंजीवर जागा आहे.

व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, उजव्या हाताला बसलेले गूळ बाजारातले व्यापारी आणि हमाल भाऊ, डाव्या हाताला बसलेली आमची रविवारची मंडळी, आणि गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीनं आलेली माझ्या माहेरची माणसं. सगळ्यांना शरणु शरणार्थी.

मला बोलता येत नाही. खरंच येत नाही. लग्नात उखाणा घेताना माझी दातखीळ बसली होती, माझ्या नणंदेला विचारा. आमच्या रविवारच्या, पेपरात लिहिणाऱ्या जाधव मॅडमनी मला चार ओळी लिहून दिल्या होत्या. 'एक रसिक व्यक्तिमत्त्व हरपले' अशी सुरुवात होती. तो कागद सकाळपासून माझ्या मुठीत आहे, घामानं त्याचा लगदा झालाय. मॅडम, माफ करा. आता जसं येईल तसं बोलते. मधे थांबले तर तुम्हीही थांबा.

मी महादेवी. गुरुपादशेठची बायको. बघा, नाव घेतलं. आमच्यात घेत नाहीत. इतक्या वर्षांत 'अहो' आणि 'हे' यावरच भागवलं. आज घेतलं, तर रागावायला माणूस नाही. हे लिंगैक्य झाले त्याला आज आठवडा झाला. सकाळी सौद्यात उभे होते. गुळाच्या रव्यावर, ढेपेवर, हात ठेवला होता. भाव पुकारायला तोंड उघडलं आणि खाली बसले. एवढंच. मी तेव्हा घरात पोह्याला फोडणी घालत होते.

मला आज एक विचारायचं आहे. ते ज्यांना विचारायचं, तेही पुढच्या रांगेत बसलेत. आमचे थोरले दीर. हे त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून मीही अण्णा म्हणते. अण्णा, घाबरू नका. घाबरले आहे ती मी.

इथं बसलेल्या निम्म्या लोकांना बाकीच्या निम्म्यांचं काही माहीत नाही, म्हणून आधी सांगते. आमच्या दुकानामागं गुळाचं गोडाऊन आहे. पत्र्याचं, लांबट, एका दाराचं. आठवड्याचे सहा दिवस तिथं गूळ असतो. रविवारी बाजार बंद. त्या दिवशी दुपारी हे रवे भिंतीला लावून मधे जागा करायचे, पोती अंथरायचे, आणि पांढरं कापड ताणून सिनेमा दाखवायचे. जपानचा, कोरियाचा, हाँगकाँगचा, तैवानचा, कधी इराणचा. गाणी नाहीत, ओळखीचा नट नाही, आणि शेवट झाला तरी झाला असं वाटायचं नाही, असले सिनेमे. डाव्या बाजूची मंडळी त्यासाठी यायची. उजव्या बाजूची मंडळी सोमवारी विचारायची, शेठ, काल चिन्यांनी किती माणसं मारली?

परवा रात्री जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, "गोडाऊनला कुलूप लावलंय. पयल्या तारखेपास्नं खतवाल्याला देतोय." किल्ली त्यांच्या खिशात गेली. आमच्यात किल्ल्या थोरल्याकडं असतात, त्यात काही वावगं नाही. मी मान डोलावली. मी नेहमीच मान डोलावते. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले, कारण रडण्याचा आवाज अण्णांनी ऐकावा असं वाटत नव्हतं.

अण्णा, घरात तुमच्यापुढं बोलायचा धीर झाला नाही. इथं माणसं आहेत म्हणून झालाय. चुकत असेन तर घरी गेल्यावर बोला. पण आता ऐका.

हे सगळं सुरू कसं झालं? नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असेल. हे गुळाच्या कामाला मुंबईला गेले होते. तिथं एका ओळखीच्या माणसानं यांना कसल्याशा सिनेमाला नेलं. जपानी. परत आले ते गप्पच. जेवताना गप्प, दुकानात गप्प.  मला वाटलं, एकतर धंद्यात खोट आली, नाहीतर मुंबईत कुणीतरी बाई भेटली. दोन दिवस मी नीट झोपले नाही. शेवटी विचारलं, काय झालंय ते सांगा.

म्हणाले, "महादेवी, एक बाई हुती. तिनं दार लावलं आणि कडीवर हात ठिवून हुभी ऱ्हायली. नुसती हुभी. भायेर कोणतरी हाय. तिला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. लई वेळ तशीच हुभी. मला घाम फुटला बग."

मी म्हटलं, मग?

"मग काय न्हाय. तिनं कडी काढलीच न्हाय."

मी म्हटलं, अहो, ह्यात बघायचं काय?

तर म्हणाले, "त्येच तर की!"

बाई भेटली होती हे खरंच निघालं म्हणायचं. पण ती दाराआड उभी होती, त्यामुळं मी निर्धास्त झाले.

मग टीव्ही आणला, व्हिडिओ आणला. खोक्यांवर टीव्ही आणि पुढं पाच-सहा माणसं. पुढं सीड्या आल्या, मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर आला. सिनेमाच्या खाली इंग्रजीत पिवळी अक्षरं यायची, तीही आमच्या कापडाच्या खाली निम्मी जायची. म्हणून हे कापडाच्या बाजूला उभे राहून मोठ्यानं सांगायचे. सांगायचे म्हणजे काय, आमच्या भाषेत. तो जपानी तलवारवाला पुलावर उभा असायचा, वाऱ्यानं त्याचा अंगरखा हलत असायचा, आणि हे इकडनं म्हणायचे, "पावणं, मागं फिरा. ह्या पुलावरनं फुडं गेलासा तर परत जेवाय घरी न्हाय जायाचा." आणि गोडाऊनमध्ये शिट्ट्या! तो जपानी माणूस आपल्या कोल्हापुरातल्या गंगावेशीतला वाटायचा.

मला काय काम होतं? डावीकडच्यांना माहीत आहे, हसताय तुम्ही. माझ्याकडं मेन स्विच होता. दाराजवळ. हे म्हणायचे, "तुझ्याइतकं भित्रं माणूस जिल्ह्यात न्हाय. म्हणून ह्ये काम तुजं. काय वंगाळ दिसलं, भायेर पोलीस दिसला, भ्या वाटलं, खटका ओड." मी गुळाच्या रिकाम्या खोक्यावर बसायचे. एक डोळा दारावर, एक तुमच्यावर. कापड माझ्या पाठीशी. मला पडद्याकडं बघायची भीती वाटायची हो. लहानपणी टुरिंग टॉकीजमध्ये राक्षस बघून तापानं फणफणलेली मी.

आणि भीती तरी एक होती का? पोलीस येतील. पत्रा तापलाय, कुणाला भोवळ येईल. बाजारात काय बोलत असतील. नवीन पोरगी आलीय, तिच्या घरी सांगून आलीय का? सिनेमात कुणी कपडे बदलायला लागलं की माझी पाचावर धारण. एकदा तुमची सगळ्यांची तोंडं एकदम पांढरी पडली. कुणी श्वास घेईना. मी म्हटलं, काहीतरी भयंकर वंगाळ चाललंय, आणि खटका ओढला. अंधार! सगळे ओरडले. काय होतं? रिकामा जिना होता आणि त्यावर एक चप्पल पडली होती. तेवढंच. सगळे माझ्यावर चिडले. हे मात्र खूश. म्हणाले, "बघा मंडळी, हिनं पडदा बघितलासुदीक न्हाय आणि सगळ्यांत आदी ही भ्याली. सिनेमा भारीच आसणार."

तर मंडळी, मी असा सिनेमा बघितला. तुमच्या तोंडावर. काळा चष्मा घातलेला गुंड पावसात सावकाश सिगारेट पेटवायचा, तेव्हा मागच्या रांगेतली पोरं आपापल्या कॉलरी नीट करायची. लाल भिंतीपुढनं लाल साडीसारखं काहीतरी नेसून बाई चालत गेली की जाधव मॅडमचं तोंडही लाल दिसायचं. सगळा उजेड तुमच्यावर पडायचा. कुणाला कशानं रडू येतं हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं तुमच्या घरच्यांनाही ठाऊक नसेल. घाबरू नका, सांगत नाही.

हे म्हणायचे, गोष्ट काय, सगळेच सांगतात. व्यापारी मंडळींना त्यांनी एकदा दुकानातच समजावलं होतं, मी चहा घेऊन गेले होते. कुणीतरी विचारलं, "शेठ, पर स्टोरी काय आसत्या त्यात?" यांनी समोरचा रवा फोडला. म्हणाले, "स्टोरी म्हंजे ह्ये वरचं फडकं. तुमी गूळ घेताना फडकं बघतासा? न्हाय न्हवं? कण बघतासा. तसं ह्येत बी कण बघायचा. उजेड कुटनं आलाय, माणूस कसा गप बसलाय, ते बघायचं." तो व्यापारी म्हणाला, "शेठ, गूळ द्या." सगळे हसले. यांनाही हसू आलं. पण रात्री मला म्हणाले, त्याला सांगता नाही आलं मला. त्यांना ते लागायचं. आपल्याला जे दिसतंय ते शेजारच्याला दाखवता येत नाही, याचा त्यांना त्रास व्हायचा.

हळूहळू मीही मान वळवायला लागले. चोरून. आणि काय बघितलं? माणसं चपला बाहेर काढून घरात येतात. भात खातात. थोरला बसल्याशिवाय धाकटा बसत नाही. सून बोलत नाही, भांडी जोरात ठेवते. कुणी कुणाला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणत नाही, वाढताना एक घास जास्त वाढतात. मी यांना म्हटलं, अहो, हे आपलंच घर आहे की!  हे मग चार दिवस दुकानात येईल त्याला सांगत सुटले, "आमची बायको काय म्हणाली म्हाईत हाय?" मला लाजेनं बाहेर पडता येईना.

आता एका रविवारचं सांगते. हे सांगायलाच मी उभी राहिले आहे, आणि याचीच मला भीती वाटते आहे. पाणी द्या जरा.

दोन भावांचा सिनेमा होता. तैवानचा असेल, नाहीतर हाँगकाँगचा. एका सिनेमाच्या दोन सीड्या. वर आकडा नव्हता, एकेक चिनी अक्षर होतं, आणि एक अक्षर म्हणजे दुसरं उलटं केल्यासारखं. यांनी दोन्ही फिरवून फिरवून बघितल्या, आणि यांना वाटलं ती पहिली म्हणून लावली. ती दुसरी होती.

सिनेमाला नाव आलं नाही, एकदम सुरूच झाला. बंदरावर धाकटा भाऊ मरून पडलाय. अंगात पांढरा कोट. कोटाची वरची गुंडी लावलेली. थोरला येतो, त्याच्याजवळ बसतो, बोलत नाही. मग तो नुसता गावभर फिरतो, त्या कोटाच्या शिंप्याकडं जातो, भावाच्या खोलीत जातो. आणि मधेच शेवटाला येतात तशी सगळी नावं आली. काळ्यावर पांढरी. साधा हिंदी सिनेमा बघणारा माणूस असता तर त्यानं तिथंच ओळखलं असतं, की बाबा, सीडी उलटी लागलीय. पण इथं आपण होतो! आपल्याला असल्या सिनेमांची सवय! सगळे गंभीर होऊन नावं बघत बसले. जाधव मॅडम हळूच म्हणाल्या, दिग्दर्शकानं आपल्याला शोक करायला वेळ दिलाय. बरोबर ना, मॅडम? हसा, हसा. यांनीसुद्धा मान डोलावली होती.

मग यांनी दुसरी सीडी घातली, आणि मेलेला धाकटा जिवंत. दात घासतोय. शिळ्या भातावरनं थोरल्याशी भांडतोय. आणि गोडाऊनमध्ये, मंडळी, तुम्ही सगळे रडत होता. माणूस भात खातोय आणि तुम्ही रडताय. कारण तुम्हाला माहीत होतं, त्याला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी तुमची तोंडं बघितली, पण त्या दिवशी बघितली तशी कधी नाही.

आणि नेमकं तेव्हाच दार वाजलं. अण्णा आले.

अण्णा, आठवतंय? दुकानात पाहुणे आले होते आणि आमचा आवाज फार मोठा होता. तुम्ही रागानं आलात. त्या सगळ्या वर्षांत तेवढं एकदाच. माझा हात खटक्यावर गेला. मला वाटलं, आता अण्णा सगळ्यांसमोर यांना बोलणार, आणि हे खाली मान घालणार. तुम्ही तोंड उघडलंत आणि पडद्याकडं बघितलंत. मी तुमच्याकडं बघत होते. तुम्ही तोंड मिटलंत.

पडद्यावर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. धाकट्यानं पहिल्यांदा तो पांढरा कोट घातला होता. आरशापुढं उभा होता, ऐटीत. आणि थोरला त्याला रागावत रागावत त्याची वरची गुंडी लावून देत होता. "नीट ऱ्हा जरा," असं हे बाजूनं म्हणाले. थोरल्याचं वाक्य. कोल्हापुरीत.

तुम्ही दाराला टेकून शेवटपर्यंत उभे राहिलात. मी खटका ओढला नाही. दिवे लागायच्या आधी निघून गेलात. तुमच्या तोंडावर मी काय बघितलं ते मी कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. आजही सांगणार नाही.

चूक झाल्याचं यांना त्या रात्री कळलं. पुढच्या रविवारी यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी चिडलं, कुणी पोट धरून हसलं. मॅडमनी तोवर पेपरात 'काळाची धाडसी उलथापालथ' असं लिहून पाठवलं होतं, ते छापूनही आलं. यांना वाटलं, लोक आता यायचे बंद होणार. पण कुणीतरी मागून ओरडलं, शेठ, आता सरळ लावा, आम्हाला परत बघायचाय! हे म्हणाले, लावतो कधीतरी. पण लावला नाही.

का नाही लावला? अण्णा, तुमच्यासाठी.

त्या आठवड्यातच, जेवताना. मी भाकरी वाढत होते. तुम्ही ताटातनं मान वर न करता विचारलंत, "गुरू, त्या कोटवाल्या धाकट्याचं फुडं काय झालं रं?" तुम्ही एवढंच बघितलं होतं ना. त्याचं जिवंतपणच बघितलं होतं. गोडाऊनमध्ये आम्ही सगळ्यांनी आधी तो मेलेला बघितला, मग जिवंत. तुम्ही एकटेच असे, की तुम्हाला तो मेलेला माहीतच नव्हता. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. यांनी माझ्याकडं बघितलं, डोळ्यानं दटावलं, आणि म्हणाले, "रविवारी या की अण्णा. दावतो."

तुम्ही आला नाहीत. हंगाम होता, लग्नं होती, गुडघा होता. हे दर शनिवारी त्या दोन सीड्या बाहेर काढून ठेवायचे. आता एकीवर एक आणि दुसरीवर दोन असं ठळक लिहिलं होतं. आणि रविवारी तुम्ही दिसला नाहीत की दुसराच सिनेमा लावायचे. मी म्हणायचे, अहो, सांगून टाका ना त्यांना काय झालं ते. तर म्हणायचे, "सांगू नये, महादेवी. बघू दे त्याला त्याचं त्यानं."

आज मी सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. असं सांगायचं नव्हतं मला. आठवडाभर तोच विचार करतेय, की ही गोष्ट सांगितल्याशिवाय मागता येणार नाही, आणि सांगितली तर तुमच्या काळजाला लागेल. अण्णा, लागली असेल तर लागू द्या. मलाही लागलीय.

या आठवड्यात घरी किती माणसं आली. हुपरीचा एक चांदीवाला आला, मी त्याला ओळखतही नव्हते. म्हणाला, शेठनी मला एकदा स्टँडवर उसाचा रस पाजला आणि एका कोरियन सिनेमातली बाई रस्ता कसा ओलांडते ते चालून दाखवलं. भर स्टँडवर! बाईसारखं! मी रडत होते ती हसायला लागले. सौद्यातला हमाल आला, म्हणाला, मालक रवा उचलताना गुणगुणायचे. मला माहीत नव्हतं. घरी कधी गुणगुणले नाहीत. माझं तसंच झालंय. शेवट आधी बघितला. आता लोक येतात आणि मला त्याआधीचं दाखवतात, आणि त्यात हे चालतात, हसतात, उसाचा रस पितात, आणि त्यांना काही म्हणजे काही माहीत नसतं. मला ते सोसत नाही. आणि लोक उठून गेले की वाटतं, आणखी कुणीतरी यावं.

अण्णा, परवा तुम्ही म्हणालात, सिनेमानं माझा भाऊ नेला. मी ऐकलं ते. तुम्ही वाईट नाही. दवाखान्यातनं घरापर्यंत यांचं डोकं तुमच्या मांडीवर होतं, हे मी विसरणार नाही. बाजारात लोक तुम्हाला चिडवायचे, 'तुमचा भाऊ चिनी भुतं पाळतोय' म्हणून, आणि तुम्ही ते घरात कधी आणलं नाहीत, हेही मला माहीत आहे. पण नेला नाही हो सिनेमानं. सहा दिवस ते तुमचेच होते. भाव, वजन, वसुली, तुमच्या हाताखाली. रविवारी दुपारी तेवढं त्यांना जे आवडायचं ते चार माणसांना दाखवायचे. नट्टापट्टा केलेले गुंड, गप्प बसणाऱ्या बायका, पाऊस, जिना, चप्पल. दुसरं व्यसन नव्हतं त्यांना.

आणि माझं काय? मी भित्री आहे. मला आता घरात चालणाऱ्या पंख्याची भीती वाटते. रात्री फोन वाजला तर भीती वाटते. पण रविवारी दुपारी त्या खोक्यावर बसून मी जेवढी भ्याले तेवढी कुठंच भ्याले नाही, आणि तरी दर रविवारी जायची वाट बघायचे. हे काय आहे, मला सांगता येत नाही. मॅडमना येईल. मला एवढंच कळतं, की या रविवारी दुपारी मी घरात बसले तर माझं काही खरं नाही.

म्हणून मागते, अण्णा. खतवाल्याला सहा दिवस द्या. रविवार देऊ नका.

या रविवारी तो दोन भावांचा सिनेमा लावायचाय. आधी एक, मग दोन. खालची अक्षरं वाचायला मॅडम उभ्या राहतील, त्यांची भाषा पुण्याची आहे, पण चालवून घेऊ. आणि मी खोक्यावर बसणार नाही. तुमच्या शेजारी बसणार, पडद्याकडं तोंड करून. तुम्ही निम्मा बघितलाय. मी सगळा तुमच्या, यांच्या, लोकांच्या तोंडावर बघितलाय, म्हणजे नीट असा बघितलेलाच नाही. दोघं मिळून बघू. बंदरावरचं आलं, की तुम्ही माझ्याकडं बघू नका, मी तुमच्याकडं बघणार नाही.

 

अण्णा, आत्ता काही बोलू नका. मान खाली आहे तशीच राहू दे. आता आपण सगळे यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहूया. तेवढा वेळ तुम्हालाही आहे. मौन संपलं, की मी इथून खाली उतरणार, तुमच्यापुढं येणार आणि हात पुढं करणार. सगळ्यांच्या देखत. किल्ली हातावर ठेवायची की नाही, ते तुम्ही बघा.

उठा, मंडळी. कुणीतरी अण्णांना हात द्या, त्यांचा गुडघा दुखतो.